पाचगणीचा झीलकरी

देवरूख - शिमग्याच्या दिवसांत संगमेश्वर तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर नमन-खेळ्यांचा मृदंग घुमू लागतो, तेव्हा मुख्य गायकाइतकेच महत्त्व त्याच्या मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांना असते. गायकाने ओळ टाकायची आणि झीलकऱ्यांनी ती वरच्या स्वरात उचलून धरायची, ही रीत नमनात आहे, जाखडीत आहे आणि पोवाड्यातही आहे. झील धरणाऱ्याचे नाव मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

सह्याद्रीच्या याच रांगेत, उत्तरेकडे सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या एका निवासी शाळेत १९५८ साली पाच मुलांनी मिळून एक बँड काढला होता. मुख्य गायक दुसराच होता. पियानोवर बसून मागून झील धरणारा, पुढे आलेल्या दातांमुळे ओठ मिटून हसणारा बारा वर्षांचा मुलगा होता फारोख बलसारा. पुढे २७ वर्षांनी, १३ जुलै १९८५ रोजी, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर त्याने एक स्वर टाकला आणि सुमारे ७२ हजार लोकांनी त्याला झील दिली. तोपर्यंत जग त्याला फ्रेडी मर्क्युरी या नावाने ओळखू लागले होते.

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा हा गायक २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी निधन पावला. भारतीय वंशाचा पहिला जागतिक रॉक तारा म्हणून आज त्याचा गौरव होतो. हयातीत मात्र त्याने आपल्या मुळांबद्दल जाहीरपणे फार थोडे सांगितले. नाव, धर्म, शाळा, अखेरीस आजार, साऱ्यांवर त्याने पडदा टाकला. रंगमंचावर इतका मोकळा असणारा माणूस रंगमंचाखाली इतका मिटलेला का होता, या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्याच्या आयुष्याची सुरुवात पुन्हा तपासावी लागते आणि ती वाट पाचगणीवरून जाते.

झांझिबार ते पसरणी घाट

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबार बेटावर, तेथील स्टोन टाऊनमध्ये झाला. वडील बोमी आणि आई जेर हे गुजरातमधील पारशी कुटुंबांतले. बलसारा हे आडनाव बलसार, म्हणजे आजच्या वलसाड या गावावरून आलेले. झांझिबार तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते आणि बोमी तेथे सरकारी नोकरीत रोखपाल होते. १९५२ मध्ये फारोखच्या पाठीवर काश्मिरा ही बहीण झाली.

नोकरदार पारशी कुटुंबाला मुलाच्या शिक्षणासाठी भारत जवळचा वाटणे स्वाभाविक होते. वयाच्या आठव्या वर्षी फारोखची रवानगी पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत झाली. झांझिबारहून बोटीने मुंबई, तेथून पुण्यावरून वाई आणि मग पसरणी घाटाची वळणे, असा तो प्रवास होता. समुद्रसपाटीला वाढलेला मुलगा सुमारे १३०० मीटर उंचीवरच्या धुक्यात येऊन पडला. घर समुद्रापलीकडे असल्याने आईवडिलांची भेट क्वचितच होई. सुट्ट्यांत तो अनेकदा मुंबईतील आजी आणि मावशीकडे राहत असे. शिक्षणासाठी मुले मुंबईच्या नातलगांकडे ठेवणाऱ्या कोकणातील चाकरमानी कुटुंबांना या एकटेपणाची कल्पना निराळी द्यायला नको.

शाळेची पद्धत इंग्रजी होती आणि शिस्त कडक. तेथेच फारोखचा फ्रेडी झाला. शिक्षक आणि सोबती त्याला त्याच नावाने हाक मारू लागले. त्याच्या तोंडात चार दात जास्तीचे होते. त्यामुळे पुढचे दात बाहेर ढकलले गेले होते आणि त्यावरून मुले त्याला चिडवीत. पुढे हाती पैसा आल्यावरही त्याने ते दात काढून घेतले नाहीत. जबड्याची ठेवण बदलली तर आवाज बिघडेल, ही भीती त्याच्या मनात घर करून होती.

शाळेतला बँड

मुलाचा कान तयार आहे, हे शाळेच्या मुख्याध्यापकांच्या लक्षात आले. रेडिओवर ऐकलेली चाल तो थोड्या वेळात पियानोवर उतरवीत असे. थोडे अधिक शुल्क भरून मुलाला संगीताचे रीतसर शिक्षण द्यावे, असे मुख्याध्यापकांनी पालकांना कळवले आणि त्यांनी ते मानले. फ्रेडीने पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतची परीक्षा दिली. शाळेच्या गायनवृंदात तो गाई, नाटकांत काम करी, टेबल टेनिस आणि मुष्टियुद्धही खेळे. संगीताचे हेच त्याचे मुख्य रीतसर शिक्षण ठरले. इंग्लंडला गेल्यानंतर तो शिकला ती चित्रकला.

१९५८ मध्ये 'द हेक्टिक्स' हा पाच जणांचा बँड उभा राहिला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी ही मुले शाळेच्या समारंभांत वाजवीत. गायक ब्रूस मरे, पियानोवर फ्रेडी. यातील डेरिक ब्रँच पुढे ब्रिटनमध्ये अभिनेता झाला, तर व्हिक्टरी राणा नेपाळच्या लष्करात वरिष्ठ अधिकारी होऊन सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख बनला. पाचगणीत तेव्हा किती दूरदूरची मुले एकत्र शिकत होती, हे यावरून दिसते. त्यांच्यातला पियानोवाला पुढे सर्वांत मोठा गायक होईल, असे मात्र त्या काळी कोणाला वाटले असण्याची शक्यता कमीच. एरवी अबोल असणारा हा मुलगा पियानोसमोर बसला की बदलून जात असे. पुढच्या आयुष्याचा सारा आराखडा तेथेच आखला गेला होता. चारचौघांत संकोच आणि प्रेक्षकांसमोर संपूर्ण मोकळीक, ही दोन टोके त्याने अखेरपर्यंत जपली.

क्रांती आणि स्थलांतर

शालेय अभ्यासात फ्रेडी नंतर मागे पडला. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. डिसेंबर १९६३ मध्ये ते बेट स्वतंत्र झाले आणि महिन्याभरातच, १२ जानेवारी १९६४ रोजी तेथे रक्तरंजित क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली गेली. हजारो अरब आणि भारतीय वंशाचे लोक मारले गेले. बलसारा कुटुंबाने हाती लागेल ते सामान घेऊन इंग्लंड गाठले आणि हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम या उपनगरात नव्याने संसार मांडला. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा होता. एकदा शिक्षणासाठी आणि एकदा जीव वाचवण्यासाठी, असे दोनदा त्याचे घर सुटले होते.

इंग्लंडमध्ये त्याने ईलिंग येथील कला महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९६९ मध्ये आरेखन कलेची पदविका मिळवली. अमेरिकी गिटारवादक जिमी हेंड्रिक्स हे त्याचे दैवत होते. त्याची चित्रे काढून फ्रेडी खोलीच्या भिंती भरून टाकी. पोटासाठी त्याने हीथ्रोवर सामान हलवण्याचे काम केले आणि केन्सिंग्टनच्या बाजारात जुन्या कपड्यांचा गाळाही चालवला. आयबेक्स, रेकेज, सावर मिल्क सी अशा छोट्या बँडमधून तो गात होता. यांतील एकाही बँडचे बस्तान बसले नाही.

चौघांचे 'क्वीन'

ईलिंगमधील त्याचा मित्र टिम स्टॅफेल 'स्माइल' नावाच्या बँडमध्ये गात असे. त्या बँडमध्ये गिटारवर ब्रायन मे आणि ड्रम्सवर रॉजर टेलर होते. १९७० मध्ये स्टॅफेलने बँड सोडला आणि त्याची जागा फ्रेडीने घेतली. बँडचे नाव 'क्वीन' ठेवावे, हा आग्रह त्याचाच. याच सुमारास त्याने आपले आडनाव बदलून मर्क्युरी केले. १९७१ मध्ये बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन आला आणि चौघांचा संच पूर्ण झाला. पुढची वीस वर्षे त्यात एकही बदल झाला नाही. वारंवार माणसे बदलणाऱ्या रॉक बँडच्या जगात ही गोष्ट दुर्मीळ होती.

चौघेही शिकलेले होते. मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी. वडिलांच्या मदतीने, एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून त्याने स्वतःची गिटार बनवली होती. अर्धवट राहिलेली डॉक्टरेट त्याने २००७ मध्ये पूर्ण केली. टेलर दंतवैद्यक सोडून जीवशास्त्राकडे वळलेला, तर डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. फ्रेडीने आपल्या चित्रकलेचा उपयोग करून बँडचे मानचिन्ह रेखाटले. टेलर आणि डीकन यांच्या सिंह राशीसाठी दोन सिंह, मेच्या कर्क राशीसाठी खेकडा आणि स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या, या सर्वांवर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी, असे ते चिन्ह होते.

सुरुवात खडतर होती. पहिल्या आल्बमचे ध्वनिमुद्रण स्टुडिओ रिकामा असेल त्या वेळी, बहुधा रात्री उरकावे लागले. १९७३ मध्ये तो बाजारात आला, पण फारसा खपला नाही. १९७४ मधील 'किलर क्वीन' या फ्रेडीच्या गाण्याने ब्रिटनमध्ये दुसरा क्रमांक गाठला, तरी व्यवस्थापनाशी केलेल्या कराराच्या अटींमुळे चौघांच्या हाती तुटपुंजे वेतनच पडत होते. तो करार मोडून ते बाहेर पडले तेव्हा पुढचा आल्बम यशस्वी होणे ही त्यांची चैन राहिली नव्हती, गरज झाली होती.

सहा मिनिटांचे गाणे

१९७५ चा 'अ नाइट अॅट द ऑपेरा' हा तो आल्बम आणि त्यातील फ्रेडीने रचलेले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे ते गाणे. लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद. त्यात ध्रुवपद नाही. संथ सुरुवात, मध्ये ऑपेराचा भाग, मग कडक रॉक आणि पुन्हा शांत शेवट, अशी त्याची रचना. ऑपेराच्या भागात मोठा वृंद गात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते आवाज फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांचेच आहेत. २४ ट्रॅकच्या टेपवर एकावर एक असे आवाजांचे सुमारे १८० थर चढवण्यात आले आणि या कामात आठवडे गेले. एकाच माणसाने स्वतःच गायक व्हायचे आणि स्वतःच झीलकरी, असा तो प्रकार होता.

इतके लांब गाणे रेडिओवर चालणार नाही, असे ध्वनिमुद्रिका कंपनीचे मत होते. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील केनी एव्हरेट या निवेदकाने ते एका शनिवार-रविवारात चौदा वेळा वाजवले आणि प्रश्न निकालात निघाला. गाणे सलग नऊ आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिले. त्याच्यासोबत काही तासांत चित्रित केलेली फीत दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आली. गाण्याच्या प्रसिद्धीसाठी चित्रफीत करण्याची प्रथा रूढ होण्यात तिचा मोठा वाटा मानला जातो.

याच गाण्याने बँडमध्ये एक वादही निर्माण केला. तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरने लिहिलेले गाणे होते. नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखेच मानधन मिळे. लोकांनी विकत घेतले फ्रेडीचे गाणे, पण टेलरच्या हाती तितकेच पैसे पडले. गाणे कोणाचे आणि पैसा कोणाचा, या प्रश्नावर जगातले कितीतरी बँड फुटले आहेत. 'क्वीन'मध्येही हे भांडण वर्षानुवर्षे धुमसत राहिले.

बँड फुटला नाही याचे एक कारण असे, की चौघेही गाणी रचत होते आणि चौघांचीही गाणी गाजली. १९७७ मध्ये मेने 'वी विल रॉक यू' रचले. स्टॅफर्ड येथील एका कार्यक्रमानंतर श्रोते आपणहून एकत्र गात उभे राहिले होते. ते पाहून, श्रोत्यांनाच गाण्यात सामील करून घ्यावे, ही कल्पना त्याला सुचली. दोनदा पाय आपटायचा आणि एकदा टाळी वाजवायची, एवढ्यावर ते गाणे उभे आहे. त्याच वर्षी फ्रेडीने 'वी आर द चॅम्पियन्स' लिहिले. आजही जगभरच्या मैदानांवर ही दोन गाणी ऐकू येतात. १९७६ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये दीड लाखांच्या आसपास, तर मार्च १९८१ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथे एका रात्रीत १ लाख ३१ हजार श्रोते या बँडने जमवले.

सिंथेसायझरचा प्रवेश

सत्तरच्या दशकातील आपल्या आल्बमच्या वेष्टनावर, यात सिंथेसायझर वापरलेला नाही, अशी नोंद 'क्वीन' अभिमानाने छापत असे. मेच्या गिटारचे थर ऐकून लोकांना यंत्राचा भास होई, म्हणून हा खुलासा. पण काळ बदलत होता. जर्मनीच्या 'क्राफ्टवेर्क'ने विजेवर चालणाऱ्या वाद्यांचे नवे संगीत रुजवले होते. १९७९ मध्ये गॅरी न्यूमन आणि १९८१ मध्ये 'ह्यूमन लीग' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. 'डिपेश मोड'सारखे तरुण बँड गिटार बाजूला ठेवून निव्वळ कळफलकांवर गाणी रचू लागले. सिंथपॉप या नावाने ओळखल्या गेलेल्या या लाटेपुढे जुन्या रॉक बँडना जुळवून घेणे किंवा मागे पडणे, असे दोनच मार्ग उरले.

'क्वीन'ने पहिला मार्ग धरला. १९८० च्या 'द गेम' या आल्बममध्ये सिंथेसायझर प्रथमच आला. त्यातील फ्रेडीचे 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' आणि डीकनचे 'अनदर वन बाइट्स द डस्ट' ही दोन्ही गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. १९८२ चा 'हॉट स्पेस' मात्र नृत्यसंगीताकडे इतका झुकला की जुने चाहते नाराज झाले. १९८४ मध्ये टेलरने सिंथेसायझरवरच रचलेले 'रेडिओ गा गा' आले आणि बँड सावरला. चित्रफितींच्या काळात मागे पडलेल्या रेडिओबद्दलचे ते गाणे, पण त्याच्या यशात वाटा मोठा होता तो चित्रफितीचाच. फ्रिट्झ लँगच्या 'मेट्रोपोलिस' या १९२७ च्या मूकपटातील दृश्ये तीत वापरली होती आणि शेकडो लोक हात उंचावून एका तालात टाळ्या वाजवताना दिसत होते.

त्याच वर्षी डीकनच्या 'आय वाँट टू ब्रेक फ्री' या गाण्याच्या चित्रफितीत चौघांनी बायकांचे कपडे घातले. दशावतारापासून बालगंधर्वांपर्यंत स्त्रीपार्टाची परंपरा पाहिलेल्या कोकणी प्रेक्षकाला त्यात वावगे वाटले नसते. ब्रिटनमध्येही लोक हसले. अमेरिकेत मात्र त्यावर नाराजी उमटली. १९८२ नंतर फ्रेडीसह 'क्वीन'चा अमेरिकेत दौरा झालाच नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रम करून बँडने टीका ओढवून घेतली. संयुक्त राष्ट्रांनी पुकारलेला सांस्कृतिक बहिष्कार मोडल्याचा ठपका त्यांच्यावर आला. वर्णाच्या आधारावर माणसे वेगळी ठेवणाऱ्या देशात झांझिबारच्या पारशी मुलाने गावे, हा विरोधाभास त्याच्या चरित्रातून पुसता येणारा नाही. १९८५ मध्ये फ्रेडीचा स्वतंत्र आल्बम आला, तोही बेताचाच चालला. बँड संपल्यात जमा आहे, अशी कुजबुज सुरू झाली होती.

वेम्बलीची २१ मिनिटे

इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज यूर यांनी १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम योजला. उपग्रहाद्वारे तो जगभर दिसणार होता. प्रत्येक बँडला साधारण २० मिनिटे मिळाली होती. 'क्वीन'ने नवे काही ऐकवण्याचा मोह टाळला. गाजलेल्या गाण्यांचे तुकडे जोडून त्यांनी २१ मिनिटांचा कार्यक्रम बांधला आणि त्याची घोटून तालीम केली.

सायंकाळी पावणेसातच्या सुमारास, उन्हे अजून असताना, फ्रेडी पियानोपाशी बसला. 'रेडिओ गा गा' सुरू झाले तेव्हा चित्रफितीतल्याप्रमाणेच संपूर्ण मैदानाचे हात वर गेले. मग वाद्ये थांबली आणि त्याने शब्दांवाचून नुसता स्वर टाकला. मैदानाने तो परत केला. त्याने तान लांबवली, वळवली, वर नेली आणि प्रत्येक वेळी हजारो अनोळखी लोकांनी ती झेलली. नमनाच्या खेळात अंगणातल्या माणसांना जे सहज कळते, ते त्याने स्टेडियमभर माणसांना क्षणात शिकवले होते. २००५ मध्ये ब्रिटनमधील संगीत क्षेत्रातील जाणकारांच्या मतदानात रॉकच्या इतिहासातील सर्वोत्तम कार्यक्रम म्हणून याच २१ मिनिटांची निवड झाली.

बँडला नवे आयुष्य मिळाले. १९८६ च्या उन्हाळ्यात त्यांनी युरोप पालथा घातला. वेम्बलीवर दोन रात्री, पोलादी पडद्याआडच्या बुडापेस्टमध्ये एक आणि ९ ऑगस्ट रोजी इंग्लंडमधील नेबवर्थ येथे लाखाहून अधिक श्रोत्यांसमोर अखेरची. त्यानंतर फ्रेडी 'क्वीन'सोबत रंगमंचावर उभा राहिला नाही. तो का दिसत नाही, हे श्रोत्यांना पाच वर्षे कळणार नव्हते.

मौनाची वर्षे

१९८७ मध्ये त्याला एचआयव्हीची बाधा झाल्याचे निदान झाले. त्या काळात या आजारावर परिणामकारक उपचार नव्हता. अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत १९९६ च्या सुमारास आली आणि रुग्णांचे आयुष्य वाढू लागले. फ्रेडीच्या दृष्टीने ती पाच वर्षे उशिरा आली. समलैंगिक संबंधांमुळे होणारा रोग म्हणून एड्सकडे बोट दाखवले जात होते आणि ब्रिटनमधील सनसनाटी वृत्तपत्रे अशा बातम्यांच्या मागावर होती. मोजके जिवलग सोडता त्याने कोणालाही काही कळू दिले नाही.

या वर्षांत त्याने कामाचा वेग वाढवला. स्पेनची ऑपेरा गायिका मॉन्सेरात काबाये हिच्यासोबत 'बार्सिलोना' हा आल्बम १९८८ मध्ये केला. 'क्वीन'च्या १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून सर्व गाणी चौघांच्या नावावर लावण्याचे ठरले. चौदा वर्षे धुमसणारा श्रेयाचा आणि पैशांचा वाद त्याने मिटला. १८ फेब्रुवारी १९९० रोजी एका पुरस्कार समारंभात तो चौघांत उभा दिसला, तेव्हा त्याची कृश मुद्रा पाहून तर्कवितर्कांना ऊत आला. ते त्याचे शेवटचे जाहीर दर्शन. फेब्रुवारी १९९१ मध्ये 'इन्युएन्डो' आला. त्यानंतरही स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील स्टुडिओत, अंगात उभे राहण्याचे बळ असेल त्या दिवशी तो गात होता. मागून बाकीच्यांनी वाद्ये भरून घ्यावीत, एवढ्यासाठी आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची त्याची धडपड होती.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदनाद्वारे आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी लंडनमधील राहत्या घरी त्याचा मृत्यू झाला. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांसह झाले. ज्या मुळांबद्दल तो आयुष्यभर बोलला नाही, त्याच मुळांच्या भाषेत त्याला निरोप देण्यात आला. त्याची रक्षा कोठे आहे, हे त्याच्या इच्छेनुसार एकेकाळची सहचरी आणि अखेरपर्यंतची मैत्रीण मेरी ऑस्टिन यांच्याकडेच गुपित राहिले.

त्याने आधी बोलायला हवे होते, म्हणजे त्याच्यासारख्या हजारो रुग्णांना बळ मिळाले असते, अशी टीका तेव्हा झाली. ती सर्वस्वी निराधार नव्हती. भारतात या संसर्गाची पहिली प्रकरणे १९८६ मध्ये चेन्नईत आढळली होती आणि पुढे महाराष्ट्रातही कितीतरी घरांनी हाच आजार न्यूमोनिया किंवा क्षय म्हणून लपवला. बोलल्यास वाळीत पडण्याची भीती खरी असते, हे त्या घरांना ठाऊक होते. लहानपणापासून दात, नाव आणि घर यांवरून वेगळा ठरलेला माणूस आणखी एका कारणाने वेगळा ठरायला कचरला असेल, तर ते समजण्यासारखे आहे. त्या मौनाची भरपाई उरलेल्या तिघांनी केली. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमातून एड्सविरोधी कार्यासाठी 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' उभा राहिला.

उरलेला स्वर

१९९५ मध्ये 'मेड इन हेवन' प्रसिद्ध झाला. फ्रेडीने मागे ठेवलेल्या आवाजाभोवती मे, टेलर आणि डीकन यांनी वाद्ये आणि सूर भरले होते. १९९७ नंतर डीकन निवृत्त झाला. इतर दोघे नव्या गायकांसह कार्यक्रम करीत राहिले. २०१८ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा चित्रपट आला आणि फ्रेडीची भूमिका करणाऱ्या रामी मालेकला ऑस्कर मिळाले. त्यानंतर, त्याच्या काळी जन्मलेही नव्हते असे चाहते पाचगणीची वाट विचारू लागले.

जन्मगावाने त्याला सहज स्वीकारले असे नाही. २००६ मध्ये त्याच्या साठाव्या जयंतीचा झांझिबारमधील कार्यक्रम धार्मिक संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावा लागला. २०१९ मध्ये मात्र स्टोन टाऊनमध्ये त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. फेल्टममधील घरावर २०१६ मध्ये स्मृतिफलक लागला. ज्या गावांनी त्याला घडवले, त्यांना त्याची ओळख पटायला पाव शतकाहून अधिक काळ लागला.

१२ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकच्या समारोप सोहळ्यात स्टेडियमच्या भव्य पडद्यांवर फ्रेडीची जुनी चित्रफीत उमटली. तो जाऊन वीस वर्षे उलटली होती. पडद्यावरून त्याने स्वर टाकला आणि खचाखच भरलेल्या स्टेडियमने तो पूर्वीसारखाच परत केला. पाचगणीच्या शाळेत पियानोमागे बसून दुसऱ्याच्या गाण्याला झील देणाऱ्या मुलाला त्या रात्रीही झीलकऱ्यांची उणीव पडली नाही.